निकाल लागला की पोरं दुकानावर येतात, म्हणतात 'आप्पा, फेलचं पास करून द्या'. काय करावं?

झेरॉक्सवाले_आप्पा (धुळे)

राम राम मंडळी. धुळ्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजजवळ माझं झेरॉक्स, प्रिंटिंग, बाइंडिंगचं दुकान आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे पोरांचं वर्षाचं चक्र मला प्राचार्यांपेक्षा जास्त पाठ आहे असं म्हटलं तरी चालेल. सबमिशनला राइट-अपचे गठ्ठे, ओरलच्या आदल्या रात्री मागच्या बॅचच्या फायली, पेपरच्या सकाळी मायक्रो, म्हणजे कॉपीसाठी बारीक झेरॉक्स, मागणारे (देत नाही, पण मागतात). आणि निकाल लागला की एक वेगळंच गिऱ्हाईक. ते गर्दी ओसरल्यावर येतं, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवतं आणि हळूच विचारतं, आप्पा हे जरा एडिट होईल का.

वेबसाइटवरून काढलेला निकाल असतो. खाली फेल असतं ते पास करून पाहिजे. कंपनीला किंवा कॉलेजला फसवायचं नसतं हो, फक्त घरी दाखवायचं असतं. मागच्या निकालाला एक जण आला, चांगल्या घरचा, साक्री साइडचा. मोबाइलवर झूम करून मला दाखवतो, एम टू चे (मॅथ्स-2) 22 आहेत त्याचे 42 करा, आणि खालची टोटल पण बदला, कारण वडील सोसायटीत क्लार्क आहेत, ते बेरीज मारून बघतात. म्हणजे पोराने सगळा विचार करून ठेवला होता. बोलता बोलता कळलं की घरी तो थर्ड इयरला आहे, कॉलेजच्या हिशोबाने अजून सेकंडलाच अडकलाय. घरून थर्ड इयरच्या फीचे पैसे आले ते बँकेत तसेच पडून, भरायचे कुठे आणि परत द्यायचे कसे. घरी जाणं बंद केलंय. डोळे बघून मला वाटलं झोप नाही बऱ्याच दिवसांची.

मी करून दिलं नाही. चहा पाजला, बसवलं, तर म्हणे आप्पा उद्या येतो, तो काही आला नाही. आता माझा प्रश्न असा की अशा वेळी दुकानदाराने काय करावं? घरी फोन करावा? कॉलेजात सांगावं? की आपलं झेरॉक्स मारावं आणि गप बसावं? इथे डॉक्टर, प्राध्यापक, आयटीवाले सगळेच आहेत म्हणून विचारतोय.

भरीत_पार्टी

आप्पा तुम्ही नाही केलं तर पुढच्या चौकातला करून देईल. आजकाल मोबाइलवर पोरं स्वतःच करतात, तो तुमच्याकडे आला म्हणजे त्याला बहुतेक दुसरंच काहीतरी बोलायचं असेल.

बॅकलॉग_बहाद्दर (सध्या हिंजवडी, मूळ चोपडा)

भरीत_पार्टी बरोबर बोलला. मी पण इयर डाऊनवाला, म्हणून जरा लांब लिहितो, सहन करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंजिनिअरिंगला नियम असा असतो की पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय थर्ड इयरला प्रवेश नाही. सेकंड इयरचं सगळं क्लिअर असू द्या, फर्स्ट इयरचा एक मॅथ्स राहिला की दार बंद. माझा पण एम टू च होता. आता लोकांना वाटतं पोरगं अभ्यासाच्या लोडने खचतं. अहो लोड कुठला, इयर डाऊन झालं की लोडच संपतो! लेक्चर नाही, प्रॅक्टिकल नाही, सबमिशन नाही, वर्षभरात फक्त तो एक पेपर. बरोबरचे सगळे पुढच्या वर्षात गेले, सकाळी नऊला रूम रिकामी, तू एकटा पंख्याकडे बघत पडलेला. कॉलेजला गेलं तर कुठल्या वर्गात बसायचं? कॅन्टीनमध्ये ज्युनिअर विचारतात भैया आप किस इयर में. मग जाणंच बंद. मग उठणं दुपारी बाराला, मेसची वेळ चुकवायची म्हणजे कुणी भेटत नाही, रात्रभर मोबाइल. एका विषयासाठी अख्खं वर्ष हातात असून एम टू चं पुस्तक मी दिवाळीपर्यंत उघडलं नव्हतं. आळस नव्हता तो, पुस्तक दिसलं की पोटात गोळा यायचा.

आणि त्यात घरी खोटं चालू असेल तर विचारूच नका. तुम्हाला दोन टाइमटेबल चालवावी लागतात, एक खरं आणि एक घरी सांगायचं. आई फोनवर विचारायची आज काय शिकवलं, तर मी रूममेटचं थर्ड इयरचं टाइमटेबल बघून सांगायचो. खोटी परीक्षा, खोटा निकाल, खोटी सुट्टी. माझं तर म्हणणं आहे की नापास होण्यापेक्षा ते लपवण्यातच माणूस जास्त झिजतो.

श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी एकत्र येते, आपल्याकडे रोट (तिचा प्रसाद) खायला घरचा माणूस लागतोच, तिथे प्रत्येक काका एकच प्रश्न विचारणार, कोणत्या इयरला आता? म्हणून मी परीक्षेचं कारण सांगून गेलो नाही. श्रावणात कुठली परीक्षा! आईला तिथेच कळलं काहीतरी पाणी मुरतंय. तिने फोन केला आणि मी सगळं बोलून टाकलं. ती म्हणे, "व्हयना ते व्हयना, तू घर ये, तुनाबिगर रोट कसा खासूत." बापाने मात्र अकडून पोळ्यापर्यंत तोंड फिरवलं होतं, ते पण सांगतो, सगळं गोड गोड नव्हतं. पण त्या रात्री मी झोपलो.

तापीकाठ

वाचून काटा आला भो. कानबाईचं अगदी खरं.

जुना_इंजिनिअर

मंडळी, राग मानू नका. 1990 च्या आधी आपल्याकडे पुणे विद्यापीठ होतं, निकालाला महिना महिना वाट बघायची, गॅझेटमध्ये नंबर शोधायचा. आमच्या बॅचमध्ये पण केटी (राहिलेले विषय) होत्या, इयर डाऊन होतं, पुरवठ्याचं पाणी नव्हतं, खोलीत चौघं. डिप्रेशन हा शब्द पण ऐकला नव्हता. हल्ली जरा काही झालं की मानसिक आरोग्य. आई-बापाने लाडावून ठेवलंय, मोबाइल काढून घ्या अर्धं टेन्शन पळेल. आप्पांनी सरळ वडिलांना फोन लावावा, दोन कानाखाली बसल्या की गाडी रुळावर.

बॅकलॉग_बहाद्दर

काका, तुमच्या वेळी बॅचमधले जे अर्ध्यात सोडून घरी गेले त्यांचं पुढे काय झालं कधी विचारलं का? ते कुठल्या रियुनियनला येत नाहीत.

केळीबाग (रावेर)

जुन्या इंजिनिअर साहेबांचा मुद्दा मी पूर्ण उडवून लावत नाही, मोबाइलचं मान्य. पण तेव्हाचं गणित वेगळं होतं. तेव्हा गावातून एक इंजिनिअर, नापास झाला तरी डिप्लोमावाल्याला पण नोकरी होती. आता आमच्या गावात गल्लीत दोन-दोन इंजिनिअर आहेत, त्यातले काही बागेत घड मोजताहेत. साडेतीन लाखाच्या आसपासचं पॅकेज मी 2010 च्या सुमारास ऐकायचो, आजही फ्रेशरला कितीतरी ठिकाणी तेच. फी मात्र कुठल्या कुठे. आणि ती फी येते कुठून? जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी, सीएमव्ही (केळीवरचा व्हायरस) आला की रोपं उपटून फेका, कापूसवाल्यांचा कापूस भावाची वाट बघत घरात पडून अंगाला खाज आणतो. बाप काही बोलत नसला तरी पोराला माहीत असतं की या सेमिस्टरची फी म्हणजे कुठली बाग. कंपनीचा क्रायटेरिया दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे 60 टक्के, लाइव्ह बॅकलॉग नको. एक केटी म्हणजे कॅम्पसच्या दारातूनच परत.

आकडा सांगतो, एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंदणी विभाग) अहवालात 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. सगळे इंजिनिअरिंगचे नाहीत, शाळेपासूनचे सगळे त्यात आले. पण विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत राज्यांमध्ये महाराष्ट्राचा नंबर पहिला होता. हे कानाखाली मारून सुटणारं दिसत नाही.

झेरॉक्सवाले_आप्पा

हा आकडा वाचून हात गार पडले. डॉक्टर लोक असतील तर बोला बुवा.

मन_ओपीडी

मी मानसोपचारात काम करते, जळगाव-धुळे पट्ट्यातच. आप्पा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

पोरगा परत आला तर पहिली गोष्ट, घरी त्याच्या पाठीमागे फोन करू नका. त्याला जी एक गोष्ट भीतीदायक वाटतेय तीच त्याच्या नकळत झाली तर तो तुमच्याकडेही येणं बंद करेल. त्याला विचारा, तू सांगशील की मी बाजूला बसू? बरीच मुलं "तुम्ही बाजूला बसा" म्हणतात. घरात एक कुणीतरी असतं, आई, मामा, मोठी बहीण, जिला आधी सांगता येतं. वडिलांपासूनच सुरुवात करायची असा काही नियम नाही.

दुसरी गोष्ट, आणि याला लोक घाबरतात. सरळ विचारायचं, तुला जगणं नको वाटतं का, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं, आणि विशेषतः कसं-कधी इथपर्यंत त्याने ठरवलं असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही. तेव्हा घरच्यांना, वॉर्डनला सांगायलाच हवं, गुप्तता वगैरे नंतर. सिव्हिलची इमर्जन्सी 24 तास उघडी असते, 112 आहे. एरवी बोलायला टेली-मानस, नंबर 14416, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फोन फुकट, रात्री तीनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं.

बाकी जुन्या इंजिनिअर काकांना, डिप्रेशन हा शब्द नव्हता पण आजार होता. तेव्हा आपल्याकडे त्याला बाहेरचं झालं म्हणायचे आणि उतारा टाकायचे.

जुना_इंजिनिअर

उताऱ्याचं खरं आहे. आमच्या होस्टेलच्या एकाला घरचे एका बाबाकडे घेऊन गेले होते, तो परत आलाच नाही कॉलेजला. बरं, कानाखालीचं मागे घेतो. मोबाइलचं नाही.

एमथ्री_पीडित

डॉक्टर मॅडम एक विचारू का. माझं डिप्लोमा झालंय, डायरेक्ट सेकंड इयरला आलोय. ओरलला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) समोर बसला की छातीत धडधड, हात गार, घाम, येत असलेलं उत्तर पण गायब. एकदा तर वाटलं अॅटॅकच आला. एमडी डॉक्टरकडे गेलो, ईसीजी नॉर्मल, बी-12 चं इंजेक्शन दिलं आणि म्हणे टेन्शन घेऊ नको. होस्टेलला एक जण ओरलच्या आधी घ्यायची गोळी वाटतो, धडधड थांबते म्हणे. घेऊ का?

मन_ओपीडी

घेऊ नका. तो बहुतेक प्रोप्रॅनोलॉल वाटत असणार. ते औषध खोटं नाही, आम्ही पण देतो, पण आधी दमा आहे का, नाडी किती, बीपी किती हे बघून. दमेकऱ्याने ते घेतलं तर श्वास अडकू शकतो. रूमवर वाटायची वस्तू नाही ती.

तुम्ही सांगताय ते पॅनिक अॅटॅकसारखं वाटतंय. त्यात धडधड साधारण दहा मिनिटांत कळसाला पोचते आणि मग आपोआप उतरते, तेवढ्यात जीव जात नाही, पण जाईल असं अगदी खरं वाटतं. तेव्हा श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, सावकाश, लांब. आणि ओरलचा सराव मोठ्याने बोलून करा, मित्राला एक्स्टर्नल बनवा. डोक्यात वाचलेलं आणि तोंडाने बोललेलं यात फरक पडतो. ईसीजी करून घेतला ते चांगलंच, थायरॉइडची पण एकदा तपासणी करा, ती बिघडली तरी धडधड होते. बी-12 कमी असेल तर थकवा येतो, आपल्याकडे शाकाहारी मुलांमध्ये कमी निघतंही, पण सगळ्याच टेन्शनवर ते इंजेक्शन चालत नाही.

एमथ्री_पीडित

थँक्यू मॅडम. गोळी परत देतो. एम थ्री चं काही औषध आहे का 😅

फळा_आणि_खडू

एम थ्री चं मी सांगते. मी एका कॉलेजात मॅथ्स शिकवते, नाव नको. डिप्लोमाची मुलं एम वन, एम टू न करता थेट एम थ्री ला येतात, लाप्लास, फूरियर त्यांच्या अंगावर धाडकन पडतं. त्यात डायरेक्ट सेकंड इयरच्या अॅडमिशन उशिरा होतात, मुलगा वर्गात बसेपर्यंत दोन युनिट होऊन गेलेली. हा मुलगा ढ नसतो, वर्कशॉपमध्ये बारावीवाल्यांच्या पुढे असतो, पण सप्टेंबरमध्ये त्याला पक्कं पटतं की आपण ढ आहोत. इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन हे दोन नीट करा, लाप्लासचा अर्धा पेपर त्यावर चालतो. मेसेज करा, नोट्स पाठवते.

आता आतली गोष्ट. प्रत्येक कॉलेजात मेंटॉर-मेंटी योजना असते, वीसएक मुलांमागे एक शिक्षक, दर महिन्याला भेटायचं, फॉर्म भरायचा. फॉर्मवर "एनी प्रॉब्लेम" असा रकाना असतो आणि मुलं तिथे "नो" लिहितात, सगळीच्या सगळी. नॅकची, म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणारी, टीम यायच्या आधी फायली पूर्ण करायला मुलांकडून एका दिवसात वर्षभराच्या सह्या घेतल्या जातात. जो मेंटॉर आहे तोच इंटर्नलचे मार्क देणार, तोच हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लावणार, मग त्याच्याजवळ मुलगा मन मोकळं करेल कसं? दोष शिक्षकांचाच आहे असंही नाही, निम्मे जण कंत्राटी, पगार तीन-तीन महिने लांबलेला, त्यांचाच मेंटॉर कुणी नाही. पण डिफॉल्टर लिस्ट नावानिशी पालकांच्या ग्रुपवर टाकणं हे मला कधीच पटलं नाही. पोरगी हजेरी कमी म्हणून लिस्टमध्ये, आणि हजेरी का कमी तर ती उठूच शकत नव्हती सकाळी.

वकीलसाहेब_नंदुरबार

मॅडम, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला आता कायद्याचा आधार आहे. सुप्रीम कोर्टाने 25 जुलै 2025 ला सुखदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात, वेगळा कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. ज्या संस्थेत 100 किंवा जास्त विद्यार्थी, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा. मार्कांवरून चारचौघांत अपमान करायचा नाही. टेली-मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर होस्टेलला, वर्गात, मोठ्या अक्षरात लावायचे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग. त्याआधी मार्च 2025 मध्ये कोर्टाने उच्च शिक्षणातल्या आत्महत्यांवर निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स पण नेमलाय.

अजून एक, मुलं घाबरतात की दवाखान्यात गेलं तर नोंद होईल, नोकरी जाईल, पोलीस येतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 23 म्हणतं, उपचाराची माहिती गुप्त ठेवायची. 18 वर्षं पूर्ण असलेल्या मुलाची माहिती डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय कॉलेजला देऊ शकत नाही, जिवाला धोका असण्यासारखे ठरावीक अपवाद सोडून. कलम 115 प्रमाणे ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र तणावात होता असंच, उलट सिद्ध होत नाही तोवर, धरून चालायचं, त्याच्यावर खटला नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी.

भरीत_पार्टी

कागदावर मस्त आहे वकीलसाहेब. आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष होता, दारावर पाटी, आत तुटलेल्या खुर्च्या आणि गॅदरिंगचे बॅनर.

वकीलसाहेब_नंदुरबार

मग प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, पोच घ्या, कोर्टाच्या निकालाची प्रत जोडा. पोच घेतलेल्या कागदाला कॉलेज घाबरतं.

झेरॉक्सवाले_आप्पा

मोठ्या अक्षरात नंबर म्हणाले ना, ए-फोरवर 14416 छापून ठेवतो. ज्याला मेसला, रूमवर, लायब्ररीत लावायचा त्याने घेऊन जा, पैसे नाहीत. कलर मागू नका पण, कलर परवडत नाही.

लाडकी_लेक_नाही

सगळे पोरांबद्दल बोलताय म्हणून लिहिते. मी फायनल इयर, अमळनेर तालुका. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी सरकारने माफ केली, माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यामुळे टिकल्या हे खरं. पण मुलींना इयर डाऊनची परवानगीच नसते हो. भाऊ नापास झाला तर परत बसेल, मी नापास झाले तर आखाजीला (अक्षय तृतीयेला) आत्या स्थळ घेऊन येते. "शिकून काय करायचं, मुलगा पुण्यात कंपनीत आहे." माझी रूममेट रात्री दोनपर्यंत अभ्यास करून पहाटे उलट्या करायची, परीक्षा जवळ आली की हमखास. डॉक्टर अॅसिडिटी म्हणायचे. तिला विषय अवघड नव्हता, 8.6 पॉइंटर आहे तिचा. ती म्हणायची, मला एक पण चुकायला चालणार नाही.

टॉपरना पण विचारत जा. केटीवाल्यांची निदान चौकशी होते, टॉपर रडली तर सगळे म्हणतात नाटक करते.

तापीकाठ

बाई तुझ्या रूममेटला मन_ओपीडी मॅडमशी बोलायला सांग. 14416 वर तरी.

लाडकी_लेक_नाही

सांगितलंय. आम्ही दोघी जाणार आहोत, तिला एकटीला जायची लाज वाटते म्हणून मी पण केसपेपर काढणार 😄

धडगावचा_पावरा

मी पहिल्यांदाच लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या पाड्यातून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिला. घरी पावरी बोलतो, शाळा आश्रमशाळेत मराठीत, कॉलेजला आलो तर सगळं इंग्लिश आणि मुलं आपसात अहिराणी नाहीतर हिंदी. पहिलं सेमिस्टर मी कुणाशीच बोललो नाही. सर विचारायचे समजलं का, मी मान हलवायचो. केटी लागल्या. पण आमचं दुःख तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. माझ्या घरी निकाल लपवायची गरज नाही, कारण घरी निकाल कळतच नाही. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात, फोन लागला तर लागला. एटीकेटी म्हणजे काय हे सांगू कुणाला? मार्क चांगले पडले ते पण कुणाला सांगता येत नाही.

मला वाचवलं एका सीनिअरने, तो पण आमच्याच भागातला. त्याने रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास इंग्लिशमधला प्रश्न मराठीत समजावला, बास. आदिवासी मुलांच्या राहण्या-जेवणासाठीच्या स्वयंम योजनेचे पैसे पण त्यानेच फॉर्म भरून मिळवून दिले, ते उशिरा येतात तेव्हा मेसवाल्या काकूंना थांबायला त्यानेच सांगितलं. आता मी थर्ड इयरला आहे, दोन ज्युनिअरना मी शिकवतो. कॉलेजने समुपदेशक नेमावा पण तो आमच्याशी बोलेल कोणत्या भाषेत ते पण बघावं.

फळा_आणि_खडू

धडगावचा_पावरा, तुझी पोस्ट आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवू का? नाव-गाव काढून.

धडगावचा_पावरा

गाव राहू द्या मॅडम. नाव काढा.

जुना_इंजिनिअर

शाब्बास पोरा. मी रिटायर्ड आहे, इलेक्ट्रिकलचे बेसिक आणि नेटवर्क थिअरी मराठीत समजावू शकतो. शनिवारी संध्याकाळी फोनवर. कुणाला पाहिजे असेल तर मेसेज करा. फी नाही, फक्त वेळेवर फोन करा.

शिरपूरचा_बाप

मी हा धागा दोन वेळा वाचला. लिहू का नको करत होतो. माझा मुलगा पुण्याला आहे, सेकंड इयर. आधी रोज फोन करायचा, आता आपण केला तर हो, नाही, बरं, एवढंच. दिवाळीला आला तर दिवसभर झोपून, भाऊबीजेला बहिणीशी पण नीट बोलला नाही. आवडीची शेवभाजी केली तर ताटात तशीच. बारीक झालाय. मी एकदा रागावलो की एवढा खर्च करतो तुझ्यावर, तर नुसता बघत राहिला. निकाल विचारला तर लागला नाही म्हणतो, आणि मला इथे वाचून आता वेगळीच शंका येते. मी काय करू? मी डेपोत मेकॅनिक आहे, मला असं गोड बोलता येत नाही.

बॅकलॉग_बहाद्दर

काका गोड बोलू नका, तुम्ही गोड बोललात तर त्याला अजून भीती वाटेल 🙂 महाराष्ट्र एक्सप्रेस नाहीतर ट्रॅव्हल्स पकडा आणि जा. निकाल विचारू नका. रूमवर जाऊन बसा, त्याच्याबरोबर मेसला जेवा. आणि हे एक वाक्य जमलं तर बोला की पास-नापास काही पण असलं तरी घर तुझंच आहे. मला हे वाक्य बापाकडून पाहिजे होतं.

केळीबाग

आणि त्याला आल्या आल्या खर्चाचं बोलू नका भाऊ. त्याला पाठ असतो तो आकडा.

मन_ओपीडी

दादा, झोप-भूक बदलणं, वजन उतरणं, आवडीच्या गोष्टीत मन न लागणं, माणसं टाळणं, हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर तपासून घ्यायलाच पाहिजे. आळस किंवा माज समजू नका. मुलांमध्ये उदासी कधी कधी चिडचिडीच्या रूपाने दिसते, डोकं दुखतं, पोट दुखतं. त्याने दारू किंवा दुसरं काही सुरू केलं आहे का तेही शांतपणे बघा, झोप लागत नाही म्हणून मुलं तिकडे वळतात.

औषध लागलंच तर ऐकून ठेवा. डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, आणि तिथेच लोक सोडून देतात. त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, पण मनाने अचानक बंदही करायच्या नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत तरुण मुलांवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं, अस्वस्थपणा वाढला तर लगेच डॉक्टरला सांगायचं. सगळ्यांनाच गोळी लागते असं नाही, बऱ्याच जणांचं बोलण्याच्या उपचाराने भागतं.

शिरपूरचा_बाप

बरं मॅडम. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो, रजा टाकलीये. एकच विचारतो, तो दवाखान्यात यायला नाहीच म्हणाला तर? मी एकटा आधी येऊन डॉक्टरशी बोललो तर चालतं का?

मन_ओपीडी

चालतं, बरेच पालक आधी एकटेच येतात. मुलाला बघितल्याशिवाय डॉक्टर औषध देणार नाहीत, आणि कुणी दिलं तर ते जेवणात कालवून वगैरे द्यायचं नाही, हे आधीच सांगते कारण लोक करतात. पण त्याच्याशी काय बोलायचं, कशाला घाई करायची आणि कशाला थांबायचं, ते ठरवता येतं. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, इकडे धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेजला आहे, सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. केव्हापासून काय बदललं ते एका कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाही. आणि दादा, तो तुम्हाला भेटल्यावर मरणाबद्दल काही बोलला, मग ते चेष्टेत का असेना, तर ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

शिरपूरचा_बाप

लिहून घेतलं.

बॅकलॉग_बहाद्दर

काका, हिंजवडीहून मला पुण्यात कुठेही तासाभरात येता येतं. मेसेजमध्ये नंबर टाकलाय. स्टेशनवर उतरलात की फोन करा, रूम शोधायला मी येतो.